रूर: बंद खाणींच्या मुलखात फिरायला कोण जातं?

कडक_चहा

मागच्या जूनमध्ये मावसभाऊ सहकुटुंब आला होता. हातात यादी तयार: म्युनिक, तो परीकथेतला किल्ला, ब्लॅक फॉरेस्टमधली कोकिळेची घड्याळं, बर्लिन. मधे दोन दिवस एसेनला, कारण राहणं फुकट. "तुझ्याकडे काय आहे रे बघायला?" म्हटलं, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणी. वहिनींना वाटलं मी चेष्टा करतोय. परत जाताना त्यांच्या मोबाइलमध्ये किल्ल्याचे फोटो कमी आणि गंजलेल्या नळ्यांचे जास्त होते. तेव्हाच ठरवलं की एकदा सविस्तर लिहायचं.

आधी भूगोल. ऱ्हाइन नदीच्या उजव्या अंगाला तीन नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात: दक्षिणेला रूर, मधे एम्शर, उत्तरेला लिपे. या तिघींच्या आसपास डुइसबुर्ग, ओबरहाउझेन, एसेन, बोखुम, गेल्सेनकिर्शेन, डोर्टमुंड अशी गावं एकमेकांत इतकी मिसळलीत की ट्राममधून एक शहर संपून दुसरं कधी लागलं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. लहानमोठी ५३ गावं-शहरं, वस्ती ५० लाखांच्या वर. हा सगळा पट्टा म्हणजे रूर, लोक याला प्रेमानं 'पॉट' म्हणतात, म्हणजे कोळशाचं भांडं.

जमिनीखालचे कोळशाचे थर दक्षिणेकडून उत्तरेकडे कलत जातात. रूरच्या खोऱ्यात ते जमिनीच्या तोंडाशी येतात, त्यामुळे तिथे शेतकरी पूर्वी कुदळीनंच कोळसा काढायचे. जसजसं उत्तरेला जावं तसतसं खोल, शेवटी शेवटी हजार-बाराशे मीटर. म्हणून खाणकाम दीडशे वर्षं उत्तरेकडे सरकत राहिलं, आणि कारखाने, वस्त्या, रेल्वे त्याच्या मागोमाग. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा आपोआप उलगडतो: दक्षिणेला झाडी, तलाव, पोलाद कारखानदार कृप कुटुंबाचा २६९ खोल्यांचा 'व्हिला ह्यूगल', मधल्या पट्ट्यात चिमण्या आणि कामगार वस्त्या. पैसा कुठे राहिला आणि धूर कुठे गेला ते सरळ दिसतं.

१९५७-५८ला उतरण सुरू झाली. बाहेरचा कोळसा आणि तेल स्वस्त पडायला लागलं. एकेक खाण मिटत गेली. बोट्रोपची 'प्रोस्पर-हानिएल' ही शेवटची, २१ डिसेंबर २०१८ला बंद झाली. शेवटचा ढेकूळ राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला.

आता बघायचं काय. एसेनहून १०७ नंबरची ट्राम पकडा आणि 'त्सोलफेराइन'ला उतरा. १८४७ची खाण, पण तुम्ही बघता ती इमारत १९३२ची: लाल विटा, पोलादी चौकटी, सगळं काटकोनात, आणि मधोमध ५५ मीटर उंच दुपाखी मनोरा, ज्यावरच्या चाकांवरून पिंजरे खाली-वर जायचे. २३ डिसेंबर १९८६ला ती बंद झाली, २००१मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे. बाहेरून नारिंगी दिव्यांचा लांबलचक सरकता जिना वर जातो, म्हणजे तुम्ही वरच्या मजल्यावरून शिरता आणि कोळशासारखे एकेक मजला खाली उतरत जाता. यंत्रं जागच्या जागी ठेवून त्यांच्यामधल्या फटींत वस्तू मांडल्यात. बाजूच्या कोकभट्ट्यांपाशी हिवाळ्यात १५० मीटर लांब बर्फाची पट्टी करतात, पोरं तिथे स्केटिंग करतात.

पण माझं आवडतं ठिकाण डुइसबुर्गचं. तिथला मायडरिश पोलाद कारखाना १९८५ला बंद पडला. पाडला नाही, त्याचा बाग केला. लोखंड गाळायच्या झोतभट्टी क्रमांक ५ वर जिन्यानं चढता येतं, ७० मीटर. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या हौदांत आता गिर्यारोहणाचा क्लब भिंती चढतो. गॅसच्या टाकीत पाणी भरलंय आणि लोक त्यात बुड्या मारायला शिकतात. रुळांमधून बर्चची झाडं उगवलीत, ती तशीच ठेवली. तिकीट नाही, दार नाही, रात्री दोनलाही जा. शनिवार-रविवारी अंधार पडल्यावर दिवे लागतात तेव्हा भट्टी हिरवी-निळी होते. मावसभाऊ म्हणाला, "हे कुणाच्या डोक्यात आलं असेल?" पेटर लाट्स नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टच्या.

शेवटी एक घरगुती गोष्ट. मी राहतो तो एसेनचा उत्तर भाग. स्वयंपाकघरात ओट्यावर लिंबू ठेवलं तर ते नेहमी खिडकीकडेच घरंगळतं. आधी वाटलं बांधणाऱ्यानं घोळ केलाय. शेजारच्या आजोबांना, ते १९८६पर्यंत खाणीत होते, सांगितलं तर हसले. म्हणाले, "त्या बाजूनं आम्ही जरा जास्त कोळसा काढला असणार."

म्युनिकवासी

लेख छान, पण खरं सांगतो. कामानिमित्त दोन-तीनदा गेल्सेनकिर्शेनला जाणं झालं. स्टेशनाबाहेर अर्धी दुकानं बंद, पाऊस, करडं आकाश. पंधरा दिवसांच्या सुट्टीत आल्प्स सोडून कुणी गंज बघायला का जावं? इंडस्ट्रियल टूरिझम वगैरे शब्द भारी वाटतात, पण आईबाबांना घेऊन जाशील का?

कडक_चहा

पावसाबद्दल +१. आणि रंगसफेदी मला करायचीच नाहीये. गेल्सेनकिर्शेन जर्मनीतल्या सर्वात जास्त बेकारीच्या शहरांपैकी आहे. कोळशानंतर 'दुसरं काही' म्हणून जे आणलं तेही टिकलं नाही: बोखुमचा नोकियाचा कारखाना २००८ला रोमेनियात गेला, ओपेलचा २०१४ला बंद. एम्शरच्या पट्ट्यातली काही गावं अजून उभी राहिलेली नाहीत. मात्र शिल्लक काहीच नाही असंही नाही. आरडब्ल्यूई, ई-ऑन, इव्होनिक या वीज-रसायन कंपन्यांची मुख्यालयं एसेनला आहेत, डुइसबुर्ग हे जगातलं सर्वात मोठं नदीकाठचं बंदर समजलं जातं, २०११पासून चीनहून मालगाड्या थेट तिथे येतात. १९६५पर्यंत या अख्ख्या पट्ट्यात एकही विद्यापीठ चालू नव्हतं, आता बोखुम, डोर्टमुंड, डुइसबुर्ग-एसेन मिळून लाखभर पोरं शिकतात. त्यातली आपली किती ते रविवारी क्रिकेटच्या मैदानावर मोजा.

आईबाबांना नेलं होतं. बाबा भट्टीवर चढले, आई खाली बाकावर बसून शेजारच्या तुर्की आजीबरोबर हातवारे करून विणकामाच्या गप्पा मारत होती.

लालबागचा_बाळू

फार जवळचं लिहिलंत. आजोबा आणि दोन्ही काका गिरणीत. ८२च्या संपानंतर घरात काय झालं ते इथे लिहीत नाही. आमच्या चिमण्या एकेक करून गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले. गिरणगाव म्हणून पोरांना दाखवायला आता काय उरलंय? एक-दोन भिंती आणि मॉलची नावं. यांना कसं सुचलं राखून ठेवायला? लोकांनी आंदोलन केलं का सरकारच शहाणं?

कडक_चहा

बाळूशेठ, दोन्ही थोडं थोडं. त्सोलफेराइन बंद झाल्यावर राज्य सरकारनं ती जागा विकत घेतली. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं 'इबा एम्शर पार्क' नावाची योजना चालली, कार्ल गान्सर तिचे प्रमुख होते. जुनं पाडून नवं करण्याऐवजी आहे त्यातच काय करता येईल, असे शंभरावर प्रकल्प त्यात झाले. डुइसबुर्गच्या लोकांनी भट्ट्या पाडायला विरोध केला हेही खरं.

पण मला विचाराल तर खरं कारण भाव. इथल्या जमिनीत शंभर वर्षांचं डांबर आणि सायनाइड मुरलेलं, गावातून तरुण निघून चाललेले, विकत कोण घेणार? पाडायचा खर्च ठेवण्याच्या खर्चापेक्षा जास्त. परळची जमीन सोन्याची होती म्हणून गिरण्या गेल्या. मायडरिशची मातीमोल होती म्हणून भट्टी राहिली.

निमा_डोर्टमुंड

कडक_चहाचं 'भावा'चं म्हणणं पटलं, कारण जिथे भाव मिळाला तिथे इथेही सगळं गेलंच. आमच्या डोर्टमुंडला 'फिनिक्स' नावाचा पोलाद कारखाना होता. २००१ला बंद झाला. एका चिनी कंपनीनं तो विकत घेतला, शेकडो कामगार चीनहून आले, अख्खा कारखाना नटबोल्टसकट सोडवून, नंबर टाकून, जहाजानं घेऊन गेले. उरलेल्या खड्ड्यात पाणी सोडून २४ हेक्टरचा तलाव केला. आज काठाला काचेचे बंगले, शिडाच्या होड्या, आठ युरोचा केक. हर्डे भागातले जुने कामगार रविवारी काठानं चक्कर मारतात आणि घरी जाऊन कॉफी पितात.

लालबागचा_बाळू

फिनिक्स?? अहो, लोअर परळची आमची गिरणीही फिनिक्सच! तिचा मॉल झाला. हा योगायोग मला झोपू देणार नाही.

कोळसा_काका

मी चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यात भूमिगत खाणीत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. मुलगा डुइसबुर्गला आहे, मे महिन्यात जायचं घाटतंय. म्हणून जरा बारकाईनं वाचलं.

तुमचं लिंबू म्हणजे नमुनेदार सबसिडन्स, खाणीमुळे जमीन खचणं. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी बोर्ड अँड पिलर, म्हणजे कोळशाचे खांब ठेवून काढायचा, आणि वर गाव-रस्ता असेल तर पोकळीत वाळू भरायची. जर्मनांनी लाँगवॉल पद्धतीनं सगळा थर सोलून काढला आणि मागचं छत मुद्दाम खाली येऊ दिलं. एकावर एक अनेक थर असे काढले की वरची जमीन कुठे पाच, कुठे वीस मीटर खाली बसणार यात नवल नाही. प्रश्न असा, की जमीन खाली गेली तर नद्या कुठे वाहतात? आणि बंद खाणीतलं पाणी कोण उपसतं? आमच्याकडे पंप दोन दिवस थांबला की गॅलरीत गुडघाभर.

कडक_चहा

काका, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. एम्शर नदीची कथा हीच आहे. एवढ्या वस्तीचं सांडपाणी जमिनीखालून न्यायचं तर जमीन खचून नळ फुटणार. म्हणून १८९९ला संस्था काढून त्यांनी नदीलाच गटार करायचं ठरवलं: काँक्रीटचा सरळ नाला, काठाला कुंपण, पोरांना जाऊ नका म्हणून पाट्या. शंभर वर्षं या मुलखाचं मैलापाणी उघड्यावरून वाहिलं. शेजारचे आजोबा सांगतात, उन्हाळ्यात खिडकी उघडायची की नाही हे वारा बघून ठरायचं. खाणी उत्तरेला सरकल्या, इथली जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे १९९२पासून जमिनीखाली नळ टाकायला सुरुवात झाली. मुख्य भूमिगत वाहिनी ५१ किलोमीटर, एकूण खर्च साडेपाच अब्ज युरोच्या घरात. २०२१च्या शेवटापासून एम्शरमध्ये सांडपाणी जात नाही. मागच्या वर्षी मी काठावर खंड्या पाहिला, खोटं नाही सांगत.

आणि पंप. ते कधीच थांबायचे नाहीत. इथे त्याला शब्दच आहे, 'अनंतकाळचा बोजा'. खचलेला भाग आजूबाजूच्या नद्यांच्या पातळीखाली आहे, उपसा थांबला तर या मुलखाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पाण्याखाली जाईल असं सांगतात. शिवाय खाणीतलं खारट पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. त्यासाठी २००७ला एक प्रतिष्ठान स्थापन केलं, त्याच्याकडे इव्होनिक या रसायन कंपनीचा मोठा वाटा आहे, आणि त्या कमाईतून पंप चालतात. कोळसा संपला, वीजबिल चालूच.

म्युनिकवासी

हे पंपांचं माहीत नव्हतं. म्हणजे हे लोक कोळशाचे हप्ते कायमचे फेडतायत. बरं, आता विचार करतो.

शुभा_नाशिक

कडक_चहा, प्रॅक्टिकल प्रश्न. आईबाबा सत्तरीचे, पक्के शाकाहारी, आईला जिने नको. तीन दिवस काढावेत का? राहायचं कुठे? तिकिटाचं काय? आणि जर्मन येत नाही.

कडक_चहा

शुभाताई, तीन दिवस पुरे. एसेन मुख्य स्टेशनजवळ राहा, सगळीकडे अर्ध्या-पाऊण तासात पोचता. विमान ड्युसेलडॉर्फचं घ्या. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

तिकीट: सगळ्या लोकल, ट्राम, बस यांना चालणारं डॉइचलँडटिकट जानेवारी २०२६पासून महिना ६३ युरो आहे. पण ते वर्गणीसारखं दर महिन्याला आपोआप चालू राहतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका. तीनच दिवस असतील तर दिवसाचा ग्रुप पास बघा.

आईंसाठी: त्सोलफेराइनच्या त्या जिन्याला बाजूला लिफ्ट आहे. ओबरहाउझेनचा गॅसोमीटर नक्की दाखवा. ११७ मीटर उंच रिकामी टाकी, आत काचेची लिफ्ट, छतावरून सगळा पॉट दिसतो. आत दर वेळी एक मोठं प्रदर्शन असतं, चालू आहे ना ते आधी बघा. ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद यांनी १९९९ला तिथे १३,००० तेलाच्या पिंपांची भिंत रचली होती.

खाणं: इथला राष्ट्रीय पदार्थ करीवुर्स्ट, म्हणजे मांसाचं सॉसेज, तो तुम्हाला चालणार नाही. पण बटाट्याचे फ्राइज सगळीकडे, आणि तुर्की बेकऱ्यांत मसुराचं सूप, पालक-चीजच्या पोळ्या. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार आले, त्यांची तिसरी-चौथी पिढी आहे. डुइसबुर्गच्या मार्क्सलोला लग्नाच्या कपड्यांच्या दुकानांची अख्खी रांग आहे, युरोपभरातून नवऱ्यामुली तिथे येतात. आईंना तो रस्ता किल्ल्यापेक्षा आवडेल.

आणि चौकाचौकात 'बूडे' दिसेल. आपली पानटपरी, फक्त पानाऐवजी बिअर, पेपर, सिगारेट. मुलं खिडकीशी उभी राहून बरण्यांतल्या गोळ्या बोटानं दाखवतात, हे दोन, ते तीन, आणि टपरीवाली कागदी पिशवीत भरून देते. जर्मन नाही आली तरी बोट दाखवता येतंच.

निमा_डोर्टमुंड

शाकाहारी आईबाबांसाठी भर घालते: हाम गावाला कामाक्षी अम्माचं मंदिर आहे, २००२मध्ये बांधलेलं, श्रीलंकेतल्या तमिळ लोकांनी. खरोखरचं गोपुर आहे, भोवती औद्योगिक वसाहत. उन्हाळ्यात रथोत्सव असतो, हजारो माणसं येतात, देवीला कालव्यात स्नान घालतात. प्रसाद म्हणजे पोटभर जेवण.

आणि फुटबॉलचं कुणीच बोललं नाही! डोर्टमुंडच्या मैदानात ८१,३६५ माणसं मावतात, त्यातली २५ हजार एका उभ्या 'पिवळ्या भिंतीत'. गेल्सेनकिर्शेनचा क्लब शाल्के आणि डोर्टमुंडची मॅच असेल त्या दिवशी आमच्या ऑफिसमध्ये कपड्यांचा रंग बघून बसायची जागा ठरते.

लालबागचा_बाळू

टाटांनी तिथला पोलाद कारखाना घेतला होता ना?

कडक_चहा

घेतला नाही. टाटा स्टील आणि इथली पोलाद कंपनी थिसेनक्रुप आपले युरोपातले कारखाने एकत्र करणार होते, २०१९ला युरोपियन कमिशननं नकार दिला. डुइसबुर्गच्या भट्ट्या अजून चालू आहेत, पण २०२४च्या अखेरीस ११ हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर झालंय. म्हणजे हा धागा दहा वर्षांनी परत वर आला तर बघायला आणखी एक बाग असेल.

कोळसा_काका

जाऊन आलो. वृत्तांत थोडक्यात, टायपायला वेळ लागतो.

डुइसबुर्ग पाहिलं, एम्शरचा काठ पाहिला, खंड्या दिसला नाही. एका जुन्या खाणीत कपडे बदलायची दालनं दाखवली. आमच्याकडे लॉकर असत. यांच्याकडे प्रत्येकाला एक साखळी, तिला आकडा आणि साबणाची वाटी. घरचे कपडे आकड्याला अडकवायचे, साखळी ओढून छताला न्यायचे आणि खाली कुलूप लावायचं. वर गरम हवा, त्यामुळे ओले कपडे संध्याकाळपर्यंत वाळतात. किती साधी युक्ती! ३४ वर्षांत हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. पावसाळ्यात ओल्या सदऱ्यानं घरी जायचो.

मग बोखुमचं खाण संग्रहालय. (सोमवारी बंद, आम्ही सोमवारीच गेलो, मंगळवारी परत.) तिथे खाली उतरायचा पिंजरा आहे. दार लागलं, अंधार, खडखडाट, भिंत सरसर वर जाते, पडद्यावर बाराशे मीटर. नातू मला बिलगला. मी मात्र गप्प उभा. दार उघडल्यावर वाटाड्या, निवृत्त खाणकामगारच, मला म्हणाला, तुम्हाला भीती नाही वाटली? मुलानं भाषांतर केलं. म्हटलं, कान दडले नाहीत, म्हणजे आपण फार तर दोन मजले उतरलोय. तो मोठ्यानं हसला, सगळ्यांसमोर पोल फोडू नका म्हणाला. ती प्रदर्शनासाठीच बांधलेली खाण आहे, जमिनीखाली जेमतेम वीस मीटर, कोळसा तिथून कधीच निघाला नाही.

यंत्रं खरी आहेत. एका कटरवर हात ठेवला तर तो म्हणाला, हात लावू नका. मग माझ्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, लावा.

शुभा_नाशिक

काका, सोमवारचं सांगितलंत बरं झालं. आमचा बोखुमचा दिवस सोमवारच होता, बदलते.